मेट्सचं यश चमत्काराच्या खात्यावर मांडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाने मोठी स्पर्धा जिंकली की क्रीडापानावरचा मथळा ठरलेला असतो: ‘चमत्कार’. विषय बेसबॉलचा असला तर त्या मथळ्याखाली न्यूयॉर्क मेट्सचं १९६९ सालचं विजेतेपद हमखास येतं, आणि तेही तीन वाक्यांत उरकलं जातं. १२० सामने हरणारा संघ, मग मैदानात आलेली एक काळी मांजर, मग जगज्जेतेपद. तिन्ही वाक्यं वेगवेगळी वाचली तर खरी आहेत. एकत्र वाचल्यावर डोळ्यांसमोर येणारं चित्र मात्र साफ चुकीचं आहे. तो संघ कसा बांधला, कसा फिरवला आणि कुठे त्याला नशिबाने हात दिला हे सगळं नोंदलेलं आहे, मोजलेलं आहे. ते थोडं तपशिलात मांडतो. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

आधी ते १२० पराभव. ते १९६२ चे. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि त्यांची पोकळी भरायला मेट्स नव्याने काढला. टोपीचा निळा रंग डॉजर्सचा, नारिंगी जायंट्सचा. खेळाडू मात्र बहुतेक इतरांनी नको म्हणून सोडलेले. ४० विजय, १२० पराभव. पण १९६९ ची जागतिक मालिका (विजेतेपदाची अंतिम लढत) खेळलेल्या मेट्समध्ये १९६२ साली मेट्सकडून खेळलेला खेळाडू एकच होता, एड क्रेनपूल, आणि तोही तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा होता. म्हणजे ‘हरणारा संघ’ आणि ‘जिंकणारा संघ’ यांत टोपीपलीकडे फारसं काही समान नव्हतं.

खरी खूण १९६८ च्या आकड्यांत सापडते. त्या वर्षी मेट्स ७३ जिंकले, ८९ हरले आणि दहा संघांत नववे आले. पण धावा पाहा: केल्या ४७३, दिल्या ४९९. अख्ख्या हंगामात फरक फक्त २६ धावांचा. दर नऊ इनिंगमागे (म्हणजे डावांमागे; सामना नऊ डावांचा) पिचरांनी, चेंडू फेकणाऱ्यांनी, दिलेल्या धावांची सरासरी (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून) होती २.७२. थोडक्यात, गोलंदाजी तयार होती, फलंदाजी नव्हती. असा संघ वरवर तळाशी दिसतो, पण त्याला वर यायला थोडाच धक्का लागतो. लास व्हेगासच्या सट्टेवाल्यांनी १९६९ च्या सुरुवातीला मेट्सवर एकास शंभरचा भाव लावला होता. त्यांनी गुणतक्ता पाहिला, धावांचा रकाना पाहिला नाही.

ही गोलंदाजी कुठून आली? इथे नशीब आहे, हे आधीच कबूल करतो. टॉम सीव्हरला १९६६ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने करारबद्ध केलं होतं. पण त्याच्या विद्यापीठाचा हंगाम तेव्हा सुरू झालेला होता आणि नियमाप्रमाणे तशा वेळी खेळाडू घेता येत नाही, म्हणून करार रद्द झाला. मग ज्या संघांची ब्रेव्ह्जइतकी रक्कम मोजायची तयारी होती त्यांची नावं टोपीत टाकून चिठ्ठी काढली. तीनच संघ पुढे आले: फिलाडेल्फिया, क्लीव्हलंड आणि मेट्स. चिठ्ठी मेट्सची निघाली. चिठ्ठी नशिबाची, पण टोपीत नाव टाकायला पैसे आणि पारख लागते, आणि उरलेल्या सोळा संघांनी ते केलं नाही. डावखुऱ्या जेरी कूझमनची बातमी मेट्सला लागली ती टेक्सासमधल्या लष्करी छावणीतून. तिथल्या संघात त्याचे चेंडू झेलणारा कॅचर होता मेट्सच्याच शे स्टेडियमवर प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या माणसाचा मुलगा. त्याने वडिलांना कळवलं, वडिलांनी संघाला. नोलन रायन १९६५ च्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत बाराव्या फेरीपर्यंत कोणी न घेतलेला. चेंडू भन्नाट वेगाने टाकायचा, पण बोटाला फोड यायचे. मग संघाच्या प्रशिक्षकवर्गाने शोधलेला उपाय म्हणजे काकडीच्या लोणच्याच्या खारवणीत बोटं बुडवून कातडी निबर करायची. (लोणच्याचं पाणी फेकून देऊ नये, ही शिकवण आपल्याकडे जुनीच आहे.)

आता व्यवस्थापक गिल हॉजेस आणि पिचिंग प्रशिक्षक रूब वॉकर यांनी या हातांचं काय केलं ते पाहू. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि नेमका हाच भाग लेखांतून गळतो.

त्या काळी बहुतेक संघ चार पिचर आलटून पालटून सुरुवातीला उतरवत. चौघांत फिरवलं की प्रत्येकाला दोन सामन्यांमध्ये तीन दिवसांची विश्रांती मिळते. वॉकरने पाच पिचर फिरवले, म्हणजे चार दिवस. एका दिवसाने काय होतं? पिचर एका सामन्यात शंभर-सव्वाशे चेंडू पूर्ण ताकदीने, खांद्याच्या वरून फेकतो. क्रिकेटमधल्या जलद गोलंदाजासारखी धाव नसते. सगळा जोर पाय, कंबर आणि खांद्यातून. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी हात जड असतो, तिसऱ्या दिवशी हलका सराव, चौथ्या दिवशी कुठे तो मोकळा वाटू लागतो. तीन दिवसांवर बोलावलेला पिचर एप्रिलमध्ये चालून जातो. सप्टेंबरमध्ये त्याचा चेंडू दोन बोटं वर राहतो, आणि वर राहिलेला चेंडू थेट भिंतीपलीकडे जातो.

त्याची किंमत कोणी मोजली ते आकड्यांत दिसतं. १९६९ मध्ये सीव्हरने ३५ सामने सुरू केले, नवख्या गॅरी जेंट्रीने ३५, कूझमनने ३२. मध्ये कूझमनचा हात दुखत होता तेव्हा त्याला घाईने परत आणलं नाही. डॉन कार्डवेल आणि जिम मॅकअँड्रू यांनी प्रत्येकी २१. आणि शर्यतीत पुढे असलेल्या शिकागो कब्जचे तीन प्रमुख पिचर? फर्गसन जेनकिन्स ४२, बिल हँड्स ४१, केन होल्ट्झमन ३९.

पाचवा पिचर ठेवायचं आणखी एक कारण होतं: दुहेरी सामने. पावसाने वाहून गेलेला सामना नंतर एकाच दिवशी दोन खेळून भरून काढायचा, अशी पद्धत होती. १६ आणि १७ ऑगस्टला मेट्सने सॅन दिएगोविरुद्ध दोन दिवसांत चार सामने खेळले. चारच पिचर असते तर त्यांची सगळी फळी दोन दिवसांत रिकामी झाली असती. निकाल: २-०, २-१, ३-२, ३-२. दोन दिवसांत फक्त दहा धावा केल्या आणि चारही सामने जिंकले.

इथे एक तांत्रिक बाब नमूद करायला हवी. १९६८ मध्ये पिचरांचं वर्चस्व इतकं वाढलं होतं की सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने दिलेल्या धावांची सरासरी १.१२ इतकी खाली आली. म्हणून १९६९ पासून पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली आणि स्ट्राइकचा पट्टाही (चेंडू बॅटरच्या अंगासमोर ज्या उंचीत गेला तर वैध धरतात तो) आखूड केला. उंचावरून खाली फेकण्याचा फायदा कमी झाला, धावा वाढल्या. पिचरांवर उभ्या असलेल्या संघाला हा बदल खरं तर जड जायला हवा होता. पण ताज्या हाताला पाच इंचांचं तेवढं दुःख नसतं.

दुसरा भाग डाव्या-उजव्याचा. क्रिकेट पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. उजव्या हाताने टाकणाऱ्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या बॅटरला आधी अंगावर येतोसा वाटतो आणि मग दूर जातो. डाव्या बॅटरला तोच चेंडू हातातून सुटल्यापासून स्वच्छ दिसतो आणि आत येतो. म्हणून उजव्या पिचरपुढे डावा बॅटर आणि डाव्या पिचरपुढे उजवा, हा जुना हिशेब. हॉजेसने तो एका-दुसऱ्या जागी नाही, चार जागी लावला. पहिल्या बेसवर (बेस म्हणजे मैदानातले टप्पे; तिन्ही ओलांडून ‘घरी’ परतलं की धाव) क्रेनपूल डावा, डॉन क्लेंडेनन उजवा. दुसऱ्या बेसवर केन बॉसवेल डावा, अल वाइस उजवा. तिसऱ्यावर २१ वर्षांचा वेन गॅरेट डावा, ३६ वर्षांचा एड चार्ल्स उजवा. मैदानाच्या मागच्या उजव्या भागात, राइट फील्डला, आर्ट शॅम्स्की डावा, रॉन स्वोबोडा उजवा. यांतला एकही जण रोज खेळला असता तर मध्यम दर्जाचा ठरला असता. अर्धे-अर्धे जोडल्यावर चार बऱ्यापैकी खेळाडू तयार झाले, आणि हे स्वस्तात झालं: गॅरेटला ब्रेव्ह्जच्या यादीतून २५ हजार डॉलरला उचललं होतं, क्लेंडेनन १५ जूनला माँट्रियलकडून अदलाबदलीत आला.

यात अडचण असते ती माणसांची. अर्धा वेळ बसणारा खेळाडू कुरकुरतो, लय जाते, हंगाम संपेपर्यंत त्याची बॅट गंजते. हॉजेसने सगळ्यांना सतत हाताशी ठेवलं. शिवाय तो विएतनाम युद्धाचा काळ होता. रायन, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हॅरलसन यांच्यासारख्यांना राखीव दलाच्या हजेरीसाठी मध्येच जावं लागे. पर्यायी माणूस तयार ठेवणं ही हॉजेसची आवड नव्हती, गरज होती.

या पद्धतीचं खरं फळ ऑक्टोबरमध्ये दिसलं. त्या वर्षीपासून प्रत्येक लीगचे दोन विभाग झाले होते आणि विभागविजेत्यांत पाच सामन्यांची नवी फेरी सुरू झाली होती. मेट्सची गाठ ब्रेव्ह्जशी. ब्रेव्ह्जचे तिन्ही पिचर, निएक्रो, रीड, जार्व्हिस, उजव्या हाताचे. म्हणून तिन्ही सामन्यांत डावी चौकडी. मेट्सने ९-५, ११-६, ७-४ असे तीनच्या तीन जिंकले. शॅम्स्कीने १३ पैकी ७ वेळा हिट मारली, बॉसवेलने दोन होम रन (थेट भिंतीपलीकडे गेलेले फटके) मारले. हँक एरनने प्रत्येक सामन्यात होम रन मारूनही ब्रेव्ह्ज गारद. आणि गंमत पाहा, क्लेंडेनन या फेरीत एकदाही बॅट घेऊन उतरला नाही.

पुढे जागतिक मालिका बाल्टिमोर ओरिओल्सशी. त्यांचे माइक क्वेयार आणि डेव्ह मॅकनॅली डावखुरे. म्हणून पाचपैकी चार सामन्यांत उजवी चौकडी. आदल्या आठवड्यात बाकावर बसलेल्या क्लेंडेननने तीन होम रन मारले, हिटची सरासरी .३५७ (हजारी ३५७), आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. वाइसने हंगामात .२१५ अशी केविलवाणी सरासरी आणि फक्त दोन होम रन केले होते. मालिकेत ११ पैकी ५ हिट. तिसऱ्या सामन्यात बाल्टिमोरने उजव्या जिम पामरला उतरवलं तेव्हा हॉजेसने डावी चौकडी परत आणली, आणि त्या दिवशी होम रन कोणी मारला? क्रेनपूलने. याला आपण काय म्हणायचं ते म्हणू, पण हा मांजरीचा प्रताप नव्हे.

मांजरीचं नाव निघालंच आहे तर ९ सप्टेंबरकडे येतो. १३ ऑगस्टला मेट्स कब्जच्या दहा सामने मागे, तिसऱ्या क्रमांकावर होते. तिथून त्यांनी ४९ पैकी ३८ सामने जिंकले. ९ सप्टेंबरला शे स्टेडियमवर कब्जच्या बाकासमोरून काळी मांजर फिरली, त्याचं छायाचित्र जगभर गेलं. त्या रात्री मेट्स ७-१ ने जिंकले. पण मांजर आली त्याच्या आधीच कब्ज ओळीने सामने हरत होते. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांनी लागोपाठ आठ गमावले. का? त्यांचा व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर रोज तेच आठ जण उतरवायचा. बिली विल्यम्स हंगामातले सगळे १६३ सामने खेळला, रॉन सँटो १६०, डॉन केसिंजर १५८, अडतीस वर्षांचा एर्नी बँक्स १५५. कॅचर रँडी हंडली १५१. कॅचर म्हणजे प्रत्येक चेंडूला उकिडवा बसणारा, अंगावर जाड कवच घातलेला माणूस. कोणत्याही संघात त्याला आठवड्यातून एक दिवस बसवतात. त्यात कब्जच्या रिगली फील्डवर तेव्हा दिवेच नव्हते (ते १९८८ मध्ये आले), म्हणजे घरचा प्रत्येक सामना जून-जुलैच्या भर दुपारी. थकलेला संघ कसा दिसतो हे त्या सप्टेंबरच्या धावफलकांत वाचावं.

उलट बाजूला १२ सप्टेंबर. पिट्सबर्गमध्ये एका दिवसात दोन सामने, मेट्सने दोन्ही १-० ने जिंकले आणि दोन्ही वेळा ती एकमेव धाव पिचरच्याच बॅटवरून आली: पहिल्यात कूझमन, दुसऱ्यात कार्डवेल. तीन दिवसांनी सेंट लुइसच्या स्टीव्ह कार्लटनने मेट्सच्या बॅटरांना १९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, तेव्हाचा विक्रम, आणि तरी तो ४-३ ने हरला, कारण स्वोबोडाने दोन वेळा एक-एक माणूस बेसवर असताना होम रन मारला. या सामन्याला नशीब म्हणा, माझी हरकत नाही. २४ सप्टेंबरला त्याच कार्लटनला ६-० ने हरवून मेट्सने विभाग जिंकला. बरोबर एक वर्षापूर्वी, २४ सप्टेंबर १९६८ ला, अटलांटात सामना सुरू असताना हॉजेसला हृदयविकाराचा झटका आला होता.

हॉजेसच्या शिस्तीबद्दलची ३० जुलैची घटना बहुतेकांना माहीत असते, पण ती अर्धवट सांगितली जाते. ह्यूस्टनविरुद्ध दोन सामने होते. पहिला १६-३ ने गेला, दुसऱ्यात तिसऱ्या इनिंगमध्येच दहा धावा गेल्या. लेफ्ट फील्डला उभा क्लिऑन जोन्स, तेव्हा लीगमधल्या सर्वांत चांगल्या बॅटरांपैकी एक, चेंडूमागे सावकाश गेला. हॉजेस बाकावरून उठला, सगळ्यांना वाटलं पिचर बदलायला चालला. तो पिचरला ओलांडून गेला, मग शॉर्टस्टॉपला ओलांडून गेला, आणि तसाच संथ पावलांनी लेफ्ट फील्डपर्यंत. दोन शब्द झाले. मग तो त्याच चालीने परतला आणि मागोमाग जोन्स. ओरडला नाही, हातवारे केले नाहीत. अर्धवट राहतं ते हे: मैदान ओलं होतं, जोन्सचा पाय दुखत होता, आणि हॉजेसने कारणही तेच ठेवलं, पाय दुखतोय तर बाहेर ये. शिक्षा झाली आणि अब्रूही राहिली. जोन्सने हंगाम .३४० वर संपवला.

आता मालिकेतले तीन क्षण, जवळून. ओरिओल्सने हंगामात १०९ सामने जिंकले होते आणि पहिला सामना ४-१ ने घेतला. दुसरा मेट्सने २-१ ने. तिसऱ्यात, १४ ऑक्टोबरला, चौथ्या इनिंगमध्ये दोन बाद, दोन माणसं बेसवर, बॅटर एलरॉड हेंड्रिक्स. तो डावा आणि जोरात ओढून मारणारा, म्हणून सेंटर फील्डर टॉमी एजी उजवीकडच्या अंगाला सरकून उभा होता. चेंडू गेला नेमका उलट्या बाजूला, लेफ्ट-सेंटरच्या भिंतीकडे. एजीचा ग्लव्ह डाव्या हातात. धाव त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला. म्हणजे ग्लव्ह अंगावरून आडवा नेऊन, पालथ्या हाताने झेल घ्यायचा, पूर्ण वेगात, भिंत समोर. ३९६ फुटांच्या खुणेपाशी चेंडू ग्लव्हच्या अगदी टोकाच्या जाळीत अडकला. चित्रफीत थांबवून पाहिली तर पांढरा चेंडू जाळीबाहेर डोकावताना दिसतो. अंगठा आणि पहिल्या बोटामधली ही जाळी सैल झाली असती तर चेंडू निसटला असता. सातव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना त्याने पॉल ब्लेअरचा चेंडू दुसऱ्या बाजूला सूर मारून घेतला. दोन झेलांनी मिळून पाच धावा वाचवल्या आणि सामना ५-० असा सुटला.

चौथ्या सामन्यातला स्वोबोडाचा सूर तर त्याहून धोक्याचा. स्वोबोडा मुळात कच्चा क्षेत्ररक्षक. पण तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक एडी योस्ट त्याला सामन्याआधी रोज चेंडू मारून द्यायचा, खाली पडणारे, समोर टप्पा घेणारे, हुलकावणी देणारे. नवव्या इनिंगमध्ये मेट्स १-० ने पुढे, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं, आणि ब्रुक्स रॉबिन्सनचा खाली पडत जाणारा फटका. शहाण्या माणसाने तो टप्प्यावर अडवला असता. स्वोबोडाने उजवीकडे पालथ्या हाताने झेप घेतली. झेल झाला, तिसऱ्या बेसवरच्या फ्रँक रॉबिन्सनने धाव काढून १-१ केलं. निसटला असता तर चेंडू भिंतीपर्यंत गेला असता आणि पहिल्या बेसवरचा बूग पॉवेलही घरी पोचला असता.

दहाव्या इनिंगचा शेवट वादाचा आहे, आणि तो वाद मेट्सच्या चाहत्यांनी झाकून ठेवू नये. दुसऱ्या बेसवर रॉड गॅस्पर, पहिल्यावर वाइस, कोणी बाद नाही. सीव्हरच्या जागी जे. सी. मार्टिन आला आणि त्याने पहिल्याच चेंडूवर बंट केला: बॅट न फिरवता चेंडू नुसता अडवून जवळच मरू द्यायचा, म्हणजे पुढची माणसं एक-एक बेस सरकतात. चेंडू पहिल्या बेसच्या रेषेलगत थांबला. डावखुऱ्या पीट रिचर्टने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि तो थेट धावणाऱ्या मार्टिनच्या मनगटाला लागून भलतीकडे गेला. गॅस्पर दुसऱ्या बेसवरून घरी. २-१. तेव्हाचा नियम असा होता की शेवटच्या ४५ फुटांत धावणाऱ्याने रेषेच्या बाहेरच्या तीन फुटी पट्ट्यातून धावावं. आत धावून फेक अडवली तर तो बाद. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत मार्टिन रेषेच्या आत स्पष्ट दिसतो. पंचांनी दिलं नाही. तक्रार करायला बाल्टिमोरचा व्यवस्थापक अर्ल वीव्हर मैदानात नव्हता, कारण तिसऱ्या इनिंगमध्येच वाद घातल्याबद्दल त्याला बाहेर काढलं होतं. (मेजर लीगने हा पट्टा २०२४ पासून आतल्या बाजूने रुंद केला. उजव्या बॅटरला घरापासून सरळ रेषेत धावता यावं म्हणून.)

पाचव्या सामन्यात बुटाच्या पॉलिशचं प्रकरण. बाल्टिमोर ३-० ने पुढे. सहाव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे बाल्टिमोरच्या पाळीत, फ्रँक रॉबिन्सन म्हणाला, चेंडू मला लागला (तसा लागला तर बॅटरला पहिला बेस मिळतो). पंच लू डिम्युरोने मान्य केलं नाही. खालच्या अर्ध्यात, मेट्सच्या पाळीत, जोन्सच्या पायाजवळ चेंडू पडला आणि मेट्सच्या बाकाकडे गडगडत गेला. हॉजेस चेंडू घेऊन आला, पंचांना दाखवला: त्यावर काळ्या पॉलिशचा डाग. जोन्सला पहिला बेस मिळाला आणि पुढच्याच बॅटरने, क्लेंडेननने, होम रन मारला. ३-२. १९५७ च्या जागतिक मालिकेतही असाच डाग दाखवून बेस मिळवला गेला होता, तेव्हाच्या खेळाडूचं आडनावही जोन्सच. सातव्यात वाइसने होम रन मारून बरोबरी साधली. शे स्टेडियमवर त्याने मारलेला तो एकमेव. आठव्यात जोन्स आणि स्वोबोडा यांचे डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके), बाल्टिमोरच्या क्षेत्ररक्षणात एकाच फटक्यावर दोन चुका, आणि ५-३. कूझमनने नऊही इनिंग टाकल्या. ओरिओल्सच्या सगळ्या फलंदाजीची पाच सामन्यांतली हिटची सरासरी निघाली .१४६.

आता नशिबाचा हिशेब, कारण तो न देणं अप्रामाणिकपणाचं होईल. हंगामात मेट्सने ६३२ धावा केल्या, ५४१ दिल्या. या प्रमाणात धावा करणारा संघ साधारण ९२-९३ सामने जिंकतो. त्यांनी १०० जिंकले. जादाचे विजय आले ते एका धावेच्या सामन्यांतून: ४१ जिंकले, २३ हरले. अशा सामन्यांत चांगला बुलपेन (सामन्याच्या मध्यात उतरवायचे पिचर: टग मॅकग्रॉ आणि रॉन टेलर) आणि चांगलं क्षेत्ररक्षण कामी येतंच. पण इतका फरक दर वर्षी टिकत नाही. पुढच्याच हंगामात मेट्स ८३ विजयांवर आले. मार्टिनचं मनगट आणि सीव्हरची चिठ्ठी धरली तर सात-आठ सामन्यांचं आणि एका मालिकेच्या वळणाचं श्रेय नशिबाला द्यावं. उरलेल्या ९२ चं कोणाला द्यायचं ते वर लिहिलं आहे.

हॉजेस २ एप्रिल १९७२ ला गेला, अठ्ठेचाळीसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, पुन्हा हृदयविकारानेच. बेसबॉलच्या थोर माणसांच्या मानयादीत, हॉल ऑफ फेममध्ये, त्याचं नाव लागायला २०२२ उजाडलं. आणि १६ ऑक्टोबर १९६९ ला जोन्सच्या हातात शेवटचा झेल देऊन बाद झालेला ओरिओल्सचा डेव्ही जॉन्सन हाच १९८६ मध्ये व्यवस्थापक म्हणून मेट्सला दुसरं जगज्जेतेपद मिळवून देणार होता; त्याला संगणकावर आकडेमोड करायची आवड होती, म्हणजे निदान त्याने तरी १९६९ कडे मांजरीच्या नजरेतून पाहिलं नसावं.

आपल्याकडे एक छोटी विनंती. बेसबॉलवरच्या लेखासोबत धावफलक छापता तेव्हा प्रत्येक पिचर आणि बॅटरच्या नावापुढे कंसात ‘डा’ किंवा ‘उ’ एवढं एक अक्षर छापावं. जागा फार लागत नाही, आणि १९६९ च्या त्या पाच सामन्यांचा फलक तसा छापला तर वाचकाला क्लेंडेनन चार दिवस का दिसतो आणि एक दिवस का दिसत नाही, हे स्वतःच कळेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे